आधी तोंड दाखवायचं

कुठल्याही गाडीत बसण्याआधी मास्तर तिच्या पुढे जाऊन उभे राहत. क्षणभर तिच्याकडे बघत, वाकत, दोन बोटं बंपरला लावून कपाळाला लावत आणि मगच फिरून दाराकडे येत. गाडी कुणाचीही असो. तुम्ही अंबडला गाडी शिकला असाल तर तुम्हालाही हे करावं लागलं असेल. किल्ली फिरवायला शिकवण्याच्या आधी मास्तर हे शिकवत.

पहिल्या दिवशी मी हसलो होतो. म्हटलं, "मास्तर, इंजिनला काय कळतंय?"

"इंजिनला न्हाई कळत. तुम्हाला कळतंय," ते म्हणाले. "आमच्याकडं घोडी व्हती. बाप मेंढरं घेऊन निघाला की सगळा संसार तिच्या पाठीवर. घोडीला आधी तोंड दाखवायचं, मंग पाठीवर हात टाकायचा. मागून गेलं की लाथ. गाडीची लाथ जरा उशिरा बसती, इतकंच."

पुढून चक्कर मारली की चाकाखाली झोपलेलं कुत्रं दिसतं, गळणारं तेल दिसतं, हे मला नंतर समजलं. मास्तरांनी तसं कधी सांगितलं नाही. ते घोडीचंच सांगत.

मी शहागडला, गोदावरीच्या पुलाच्या अलीकडे, हायवेच्या कडेला ट्रकचे जुने टायर विकत मोठा झालो. आज जालन्यात अंबड रोडला जुन्या गाड्यांचं माझं आवार आहे. ते कुणी मला दिलेलं नाही. भाव करण्यात मी सहसा हरत नाही, आणि राग आला की मला आवरायला कुणी पुढे येत नाही. मास्तरांकडे शिकत होतो तेव्हा रोज धडा संपला की ते एकच वाक्य बोलत.

"शेठ, हात चांगला हाय तुमचा. ब्रेक उशिरा लागतो."

"लागतो ना पण?"

"लागतो. धडकल्यावर बी लागतोच."

ती लाल गाडी मी एका लिलावातून उचलली होती. लहान, बसकी, मागे पंखासारखी पट्टी, पाइपाची दोन तोंडं. चालवणाऱ्यासाठी बनवलेली गाडी, घरच्यांसाठी नव्हे. आठ महिने ती आवारात उभी होती. लोक येत, फिरून बघत, आणि शेजारची पांढरी गाडी घेऊन जात. केदारखेड्याच्या एका बागायतदारानं तिच्या छतावर हात ठेवून विचारलं, "ही गाडी हाय का चप्पल?" त्याला मी आवाराबाहेर काढलं. पण तो बरोबर होता. आपल्याकडच्या प्रत्येक गतिरोधकावर तिचं पोट घासत होतं.

त्या उन्हाळ्याच्या तोंडाशी मास्तर एस.टी.नं आले. एवढ्या वर्षांत मी त्यांना एस.टी.तून उतरताना कधी पाहिलं नव्हतं.

"शाळा बंद केली," ते म्हणाले. "बोर्ड बी उतरवला."

काचबिंदू होता. त्यांनी तो शब्द असा उच्चारला, जसा एखाद्या पाहुण्याचं नाव सांगावं. "बाजूचं गेलं, शेठ. समोरचं ऱ्हायलंय. घागरीच्या तोंडातून बघितल्यावानी दिसतं. तेबी बारीक व्हत चाललंय. गेलेलं परत येत न्हाई म्हणले डॉक्टर."

"आणि गाडी?"

"रस्त्यावर बिलकुल न्हाई. शिकणाऱ्या लेकराला शेजारी बसवून मी कुणाच्या अंगावर घालू का गाडी? सोडलं."

मग ते लाल गाडीच्या पुढे जाऊन उभे राहिले. वाकले, बोटं लावली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "सव्वीस वर्षं लोकांला हळू चालवाय शिकवलं. एकदा मला जोरात चालवायचंय. जिथं समोर कुणी न्हाई, बाजूला कुणी न्हाई, अशा जागी. अन् किती जोरात ते कुणीतरी लिहून द्यायला पाहिजे. माझ्या नावानं. तेवढं झालं की डोळ्यानं काय करायचं ते करू दे."

एवढंच त्यांना हवं होतं. एका कागदावर त्यांचं नाव आणि पुढे एक आकडा.

अशा जागा असतात हे मला धंद्यामुळे ठाऊक होतं. ऑटोक्रॉस म्हणतात. मोठ्या मैदानावर नारिंगी कोन मांडून वळणांचा रस्ता आखतात. एका वेळी एकच गाडी सोडतात आणि घड्याळ लावतात. कोन पाडला की सेकंद वाढतात. संभाजीनगरच्या बाहेर महिना-दीड महिन्यानं असं एक होणार होतं. लहान गाड्यांतल्या पहिल्या तिघांना पुढे दक्षिणेतल्या खऱ्या रेसट्रॅकवर दिवसभर मोकळी फेरी मिळणार होती. मी हे सांगितलं तेव्हा मास्तरांनी विचारलं, "मोकळी म्हंजे एकटी गाडी?" मी हो म्हणालो. ते आवारातल्या बाकावर बसले आणि बराच वेळ उठले नाहीत.

सराव केदारखेड्याजवळच्या एका जिनिंगमध्ये केला. कापसाचा हंगाम संपला की तिथलं सिमेंटचं आवार रिकामं पडतं. कुंपणाच्या तारांना कापसाचे पुंजके तेवढे लटकत असतात. मालक माझ्या ओळखीचा. कोन नव्हते, म्हणून रंगाच्या रिकाम्या बादल्या मांडल्या.

मास्तरांची रीत वेगळी होती. आधी चपला काढायच्या आणि सगळा रस्ता अनवाणी चालायचा, पावलं मोजत. एकदा, दोनदा, चारदा. सिमेंट तापायला लागलं तरी त्यांचं मोजणं चालूच.

"पाय भाजतील, मास्तर."

"डोळ्याला दिसत न्हाई ते पायाला ठावं पाहिजे."

मग गाडीत बसत. मी एकदाच त्यांच्या शेजारी बसलो. मास्तरांना जोरात चालवताना मी पाहिलंच नव्हतं. तोच माणूस, तीच ताठ पाठ, हातांची हालचाल तेवढीच थोडी. पण गाडी वळणाला अशी टेकायची आणि सुटायची की मी दाराची मूठ सोडली नाही. टायर ओरडत होते आणि मास्तर तोंडातल्या तोंडात पुटपुटत होते, "पाय हलका, नजर लांब. पाय हलका, नजर लांब." सव्वीस वर्षं दुसऱ्यांना सांगितलेलं ते स्वतःला सांगत होते.

पण बादल्या पडत होत्या. आधी एखादी. मग आठवड्यागणिक जास्त, आणि बहुतेक डावीकडच्या. फेरी संपली की मास्तर काच खाली करून विचारत, "किती?"

चार पडलेल्या असल्या तर मी दोन म्हणायचो. तीन असल्या तर एक. धंद्यात तोंडाला सवयच असते ती. एक दिवस मी "एकच" म्हणालो आणि ते उतरून त्या रस्त्यावरून चालत गेले. पायानं शोधत शोधत पाच बादल्या उभ्या केल्या. परत आल्यावर एवढंच बोलले, "शेठ, भाव करताना खोटं बोला. हितं नको."

त्यानंतरही मी खोटंच सांगत राहिलो. फक्त पडलेल्या बादल्या ते उतरायच्या आत उभ्या करायला लागलो. त्यांना कळत असणार. नजर दर आठवड्याला आवळत चालली होती आणि शर्यतीला वीस दिवस होते, मग पंधरा, मग आठ. त्या दिवसांत माझ्या हाताखालच्या माणसांना मी फार बोललो. कशावरून, ते मला आज आठवत नाही.

प्रवेशाचा अर्ज मी भरला. त्यात आजारांचा रकाना होता. डोळ्यांच्या पुढे मी 'नाही' लिहिलं आणि कागद दुमडून सहीपुरता मास्तरांपुढे धरला. एकच गाडी मैदानावर असते, प्रेक्षक लांब असतात, इजा झालीच तर लाल गाडीला होईल, असा माझा हिशेब होता. बारीक अक्षर त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी सही केली.

शर्यतीच्या दिवशी सकाळी सगळ्यांना रस्ता पायी बघायला सोडतात. पोरं मोबाइल धरून फिरत होती. मास्तर अनवाणी होते. लोक हसले. मी दोघांना विचारलं, हसायला काय झालं ते. त्यांनी जागा बदलली.

प्रत्येकाला दोन फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत मास्तर असे गेले की हसणारे गप्प झाले. मात्र शेवटून तिसऱ्या वळणावर एक कोन उडाला. तो कोन आधीच्या गाडीनं पाडला होता आणि तिथल्या स्वयंसेवकानं परत ठेवताना एक वीत आत ठेवला होता. मी तिथेच प्रेक्षकांच्या दोरीपाशी उभा होतो, माझ्या डोळ्यांनी पाहिलं. डोळस माणूस वीतभर सावरून घेतो. मास्तर पायानं पाठ केलेल्या जागेवरून गेले. वीतभर चूक त्यांची नव्हती. मी हे तिथे ओरडून सांगितलं, आजही सांगतो. सेकंद वाढले ते वाढलेच.

दुसरी फेरी. मास्तर सुरुवातीच्या रेघेवर गाडी लावून तयार होते. तेवढ्यात दारावरचा नंबराचा कागद सुटून फडफडायला लागला. रेघेवरच्या माणसानं त्यांना उतरवलं, कागद चिकटवला आणि म्हणाला, "हं, बसा."

तुमच्या लक्षात आलं असेल पुढे काय झालं. माझ्या आलं, पण मी दोरीच्या अलीकडे होतो.

उतरलेला माणूस परत बसणार, म्हणजे आधी तोंड दाखवणार. मास्तर शांतपणे गाडीच्या पुढे गेले आणि वाकले. बंपरच्या पुढे हातभर अंतरावर दोन्ही बाजूंना घड्याळाच्या डब्या होत्या. त्यांच्यामधून न दिसणारा प्रकाश जातो. तो कापला की घड्याळ सुरू होतं. बाजूच्या डब्या मास्तरांना दिसत नव्हत्या. ते वाकले आणि फलकावरचे लाल आकडे पळायला लागले.

मी ओरडलो. डोक्यावर हेल्मेट, त्यांना काही ऐकू गेलं नाही. बोटं कपाळाकडे नेली, ती हेल्मेटला लागली. फिरून आले. दार उघडलं, बसले, पट्टा लावला, ओढून बघितला. मग आरसा नीट केला. मोकळ्या मैदानात, मागे कुणी नसताना, सव्वीस वर्षांच्या सवयीनं आधी मधला आणि मग बाजूचा. आकडे पळत होते. मग गियर टाकला.

ती फेरी मी विसरणार नाही. एकही कोन हलला नाही. त्या सरकवलेल्या कोनाची नवी जागा त्यांनी पहिल्या धक्क्यातच पाठ केली होती. मोबाइलमधलं घड्याळ मी चाक हललं तेव्हा सुरू केलं होतं. ते एकोणपन्नास सेकंदांवर थांबलं. तिसऱ्या नंबरच्या गाडीची वेळ एक्कावन्न होती. फलकावर मात्र मास्तरांच्या नावापुढे दीड मिनिटाच्या जवळचा आकडा होता.

मी मुख्य पंचाकडे गेलो. पुण्याकडचा शांत माणूस, गळ्यात शिट्टी, हातात पेन.

"नियम स्पष्ट आहे. रेघ कापली की वेळ सुरू," तो म्हणाला.

"उतरवलं कुणी त्यांना? तुमच्या माणसानं. कागद कुणाचा सुटला? तुमचा. कोन कुणी सरकवला?" मी दोन फेऱ्या मागितल्या, म्हणजे एकीवर येता येईल. आवाज चढवला, मग उतरवला. त्या माणसानं माझ्यासारखे लोक पाहिले नसावेत. अर्ध्या तासानं तो थकला.

"बरं. सगळ्यांचं झाल्यावर एक फेरी देतो. कागद आमचा सुटला, हे खरं आहे."

मी लांबूनच मास्तरांच्या दिशेनं हात उंच करून हलवला. त्यांना दिसावा म्हणून त्यांच्या अगदी समोर गेलो आणि हलवला. ते उठले. हेल्मेट घातलं.

सौदा झाला की तोंड बंद ठेवून निघायचं, हे मी आवारातल्या प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगतो. मी परत पंचाकडे गेलो आणि त्याचा हात हातात घेतला. मन भरून आलं होतं. म्हणालो, "साहेब, पुण्य लागेल तुम्हाला. माणसाचे डोळे चाललेत. दिवाळीपर्यंत काही राहत नाही."

त्यानं हळूच हात सोडवून घेतला. पेनाला टोपण लावलं फक्त.

"डोळे म्हणजे?"

मी बोललेलं परत घ्यायचा प्रयत्न केला. चष्मा, म्हणालो. वय, म्हणालो. त्यानं अर्ज काढून तो रकाना बघितला, मग माझ्याकडे बघितलं. "हे मला कळल्यावर मी त्यांना बसवू शकत नाही. तुम्हीही बसवायला नको होतं." तो चिडला नव्हता. त्याचं बरोबर होतं, आणि ते मी त्याला अजून माफ केलेलं नाही.

मास्तर तोवर गाडीला तोंड दाखवून बसलेही होते, पट्टा लावून, दोन्ही हात चाकावर. मी काचेपाशी गेलो.

"उतरा, मास्तर."

"का हो?"

"मी बोललो."

काय बोललो ते त्यांनी विचारलं नाही. हेल्मेट काढलं. केस घामानं चपटे झाले होते. म्हणाले, "ब्रेक उशिरा लागतो तुमचा. पहिल्या दिवशीच म्हणलो व्हतो." आवाजात राग नव्हता. त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर मी त्यांना पाच दिल्या असत्या आणि दोघंही मोकळे झालो असतो. परत येताना मी रस्ताभर त्या पंचाला, त्या स्वयंसेवकाला, त्या चिकटपट्टीला नावं ठेवत होतो. मास्तर समोर बघत होते.

त्यानंतर मी बऱ्याच ठिकाणी फोन केले. सगळीकडे डोळ्यांचा कागद मागत. शेवटी दिवाळीनंतर त्या दक्षिणेतल्या रेसट्रॅकवर स्वतःच्या नावानं एक सकाळ मिळवली. शेजारी माणूस बसवायला तिथे परवानगी होती. दोन दिवस गाडी चालवत आम्ही गेलो. मास्तरांची समोरची नजर तोवर रुपयाएवढी उरली होती.

रस्ता कसा होता म्हणाल, तर असा की त्याच्यावर गतिरोधक कुणी कधी कल्पनेतही आणला नसेल. रुंद, काळा, गुळगुळीत. मी चालवत होतो, मास्तर डाव्या बाजूला. त्यांना वळण दिसत नव्हतं. गाडी बसते कशी, आवाज बदलतो कुठे, त्यावरून ते सांगत होते.

"सोडा. सोडा आता. ब्रेक. उशीर झाला, शेठ."

पुढचं वळण. "ब्रेक. उशीर."

पाच फेऱ्या झाल्या. शेवटी काउंटरवर वेळेची चिठ्ठी दिली. त्या सकाळच्या गाड्यांत आमच्या मागे एकच गाडी होती, आणि तिच्यात मागच्या सीटवर झोपलेलं मूल होतं. मास्तरांनी चिठ्ठी डोळ्यापाशी धरली आणि आकडा सापडेपर्यंत इकडे तिकडे फिरवली.

"कुणाच्या नावावर हाय?"

"माझ्या."

"बराबर हाय. तुम्हीच चालवली." त्यांनी चिठ्ठीची घडी केली आणि माझ्या शर्टाच्या खिशात ठेवली.

हल्ली मास्तर शहागडच्या पुढे, भावाकडे राहतात. अंबडला येत नाहीत. लाल गाडी माझ्याकडेच आहे. गिऱ्हाईक आलं की मी असा भाव सांगतो की ते उठून जातं.

मागच्या महिन्यात तीच घेऊन त्यांच्याकडे गेलो. आवाजावरून त्यांनी ओळखली. भिंत धरून बाहेर आले. त्यांना बसायचं होतं, म्हणून आधी पुढे गेले. अंदाजानं थांबले, वाकले. बोटं हवेतच राहिली, बंपरच्या अलीकडे, वीतभर. ती हवेत शोधायला लागली.

'जरा पुढं, मास्तर,' हे माझ्या तोंडात आलं होतं. मी ते गिळलं. उघड्या दारातून हात घालून गियर मोकळा केला आणि गाडीला खांदा लावला. एक वीत. बंपर त्यांच्या बोटांखाली गेला तशी गाडी धरून ठेवली. ते तसेच वाकून राहिले.

"तापलीय," म्हणाले. मग कपाळाला बोटं लावली, आणि हातानं चाचपत उजव्या दाराकडे, चालवणाऱ्याच्या जागेवर जाऊन बसले. मी डावीकडे बसलो. किल्ली माझ्या हातात होती, त्यांनी मागितली नाही.

तिथे मी गप्प बसायला हवं होतं.

"मास्तर," मी म्हणालो, "त्या दिवशी मी मोबाइलवर वेळ लावली होती. दुसऱ्या फेरीची. तुम्हाला सांगितली नाही. एकोणपन्नास सेकंद. तुम्ही तिसऱ्या नंबरच्या पुढे होतात. अजून आहे माझ्याकडे, दाखवतो." आणि मोबाइल त्यांच्यापुढे धरला. कुणाला दाखवतोय ते धरल्यावर लक्षात आलं.

मास्तरांचे दोन्ही हात चाकावर होते.

"खरं सांगताय, शेठ? का बादल्यासारखं?"

मी खरं आहे म्हणालो. शपथ घेतली. पुन्हा म्हणालो.

"बरं," मास्तर म्हणाले. त्यांनी हात वर करून मधला आरसा शोधला आणि नीट केला. मग बाजूचा.